एका रविवारी एकच सेटिंग

अन्याय झाला तो गाड्यांची सेटिंग बदलून देणाऱ्या काकांवर. गेल्या वर्षी, अनंत चतुर्दशीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी, वर्तकनगरमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, बी विंगच्या जिन्यासमोर, सगळ्यांच्या देखत. काकांचं नाव लिहीत नाही. "तुझ्या पत्रकात मला घालू नकोस," असं त्यांनी बजावलेलं. मी पाण्यासाठी, फूटपाथसाठी पत्रकं काढते, वाटते, म्हणून त्यांनी माझं नावच पत्रकवाली पाडलेलं. भेटले की पहिला प्रश्न, "काय पत्रकवाली, आज कोणाचा निषेध?"

आमच्या सोसायटीतल्यांनो, तुम्ही त्यांना पाहिलंय. गाडी कोणाचीही असो, आत बसण्याआधी ते चपला बाहेर काढायचे, देवळाबाहेर काढाव्यात तशा, जोडीने. मग ड्रायव्हरच्या सीटवर बसून स्टिअरिंगखाली हात घालायचे, काडेपेटीएवढी एक डबी तिथल्या खाचेत खुपसायचे, मांडीवर लॅपटॉप उघडायचे आणि गाडीच्या पाठीवर हात फिरवावा तसा डॅशबोर्डवर हात फिरवून म्हणायचे, "विचारून बघू, हिला काय काय येतं."

गाडीला बरंच काही येत असतं. लॉक केल्यावर आरसे मिटून घेणं, वेग घेतला की दारं लावून घेणं, मालक उतरून गेला तरी थोडा वेळ दिवे चालू ठेवणं. कंपनी हे सगळं आत ठेवते आणि स्वस्तातल्या मॉडेलमध्ये बंद करून विकते. हे कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"म्हणजे गाडी आपली आणि कुलूप त्यांचं? काका, यावर पत्रक निघतं."

"निघू दे. आधी चहा सांग."

बाबांनी विचारलं, काही जोडावं लागतं का, वायरी कापता का. तर म्हणाले, "मी नवीन काही घालत नाही हो. आतच आहे. कोणी विचारलं नाही, इतकंच." पूर्वी ते माजिवड्याला एका सर्व्हिस सेंटरमध्ये होते. तिथून का सुटलात, म्हटलं, तर हसले. "गिऱ्हाइकाला सगळं सांगत बसायचो."

आता त्यांची एक खोड. एका रविवारी, एका गाडीचं, एकच सेटिंग. आज आरसे झाले, तर दारं पुढच्या रविवारी. बाबा वैतागायचे. "अहो, दोन मिनिटांचं काम, आत्ताच करून टाका की."

"नको. गाडीला सवय होऊ दे."

गाडीला कसली सवय व्हायचीये? मला हे कळायला वेळ लागला. ठाकुर्लीला ते एकटे राहायचे. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. आठवडाभर जे काही बोलणं व्हायचं ते रविवारी, आमच्या पार्किंगमध्ये. सगळ्या गाड्या एकदम करून टाकल्या असत्या तर ते कशाला आले असते?

तळमजल्याच्या मालवणी आजी गाड्यांमध्ये प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसतात. त्यांच्याशी कोणी बोलत नाही, गाडी काढताना खुर्ची सरकवा म्हणतात तेवढंच. काकांनी पहिल्याच दिवशी त्यांना विचारलेलं, "आजी, तुम्हाला काय काय येतं?"

"गाळी येतत."

"मग आज एक द्या. बाकीच्या पुढच्या रविवारी."

तेव्हापासून दर रविवारी आजी एक शिवी द्यायच्या आणि काका ती डोळे मिटून ऐकायचे. "वा. ही नवीन होती."

आणि मग सेक्रेटरी. त्यांना सीट बेल्टचा बीप बीप बंद करून हवा होता. काकांनी चपला काढल्याच नाहीत. "तेवढं सोडून काहीही सांगा."

"अहो, डोकं उठतं माझं."

"पट्टा लावा, गप्प बसेल ती."

"मला पट्टा लावायचा नाहीये."

"मग ओरडू दे. माणसाच्या नावाने ओरडायला कोणीतरी पाहिजे."

सेक्रेटरींनी ऑनलाइन तसलीच एक डबी मागवली. मी जिन्यावरून पाहिलं, एका संध्याकाळी ते स्वतःच गाडीत बसलेले, फोनवर व्हिडिओ लावून, डबी खुपसून. दुसऱ्या दिवशी गाडीच्या डॅशबोर्डवरचे होते नव्हते तेवढे दिवे लागले आणि गाडी सुरूच होईना. मग काकांना निरोप गेला, रविवारी या.

ते आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले, मुद्दाम बोलावलंय म्हणून खूश. चपला काढल्या, आत बसले. सेक्रेटरींनी जे जे बदलून ठेवलेलं ते सगळं परत होतं तसं केलं. डॅशबोर्डवरचा एकेक दिवा विझत गेला. गाडी सुरू झाली, आणि बीप बीपही सुरू झाला. लोक हसले. काकाही हसले. तेवढ्यात सेक्रेटरी वॉचमनला म्हणाले, "हे बघ, याच माणसाने माझी गाडी बिघडवलेली. यापुढे याला आत सोडायचं नाही."

लॅपटॉप अजून काकांच्या मांडीवर होता.

मी ओरडले, "त्या दिवशी तुम्हीच बसलेलात डबी घेऊन. मी पाहिलंय."

"तू मध्ये बोलू नकोस. जा, पत्रक काढ."

कोणीतरी फिसकन हसलं. बाकीच्यांनी काय केलं ते सांगते. कोणी फोन काढला, कोणी गाडीची काच पुसली. माझे बाबा आमच्या गाडीच्या आरशाकडे बघत राहिले, जो आरसा काकांनीच मिटायला शिकवलेला. फक्त आजींनी उरलेल्या सगळ्या शिव्या एकदम दिल्या.

सेक्रेटरी गाडीच्या दाराशीच उभे होते. काकांच्या चपला त्यांच्या बुटांपाशी होत्या. उचलायच्या तर सेक्रेटरींच्या पायाशी वाकावं लागलं असतं. काकांनी एकदा चपलांकडे पाहिलं. डबी काढून खिशात ठेवली, लॅपटॉप बगलेत मारला, आणि अनवाणी गेटबाहेर गेले.

संध्याकाळपर्यंत फलकावर नोटीस लागली. बाहेरील व्यक्तीस वाहनाच्या कामासाठी प्रवेश नाही.

थोड्या दिवसांनी मी चपला घेऊन ठाकुर्लीला गेलेले. संध्याकाळची वेळ. काका नुकतेच कुठूनसे आलेले, बिल्डिंगखाली स्वतःची गाडी लावत होते. गाडी लॉक केली, पण दिवे चालूच राहिले. जिन्यावर लख्ख उजेड. आम्ही दुसऱ्या मजल्यावर चढलो, त्यांनी दार उघडलं, तरी खाली उजेड होताच.

"जेवढा वेळ वाढवता येतो तेवढा वाढवलाय," ते म्हणाले. "आधी तुझी काकू गॅलरीतला दिवा लावून उभी असायची. आता हिला सांगितलंय."

घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर, टेबलावर लॅपटॉप, आणि एकच खुर्ची. ती त्यांनी मला दिली. आजी कशा आहेत, विचारलं. बाबांच्या गाडीचे आरसे नीट मिटतात ना, विचारलं. मी म्हटलं, काका, आपण भांडू, मी पत्रक काढते, सभेत मांडते. मी चपला पुढे केल्या. त्यांनी हातात घेतल्या, उलट्यापालट्या करून पाहिल्या, आणि परत माझ्या पिशवीत घातल्या.

"राहू दे तिथेच. बोलावलं तर लागतील."

मग गॅलरीत जाऊन उभे राहिले. खालचे दिवे विझेपर्यंत तिथेच. विझल्यावर आत आले.

चपला वॉचमनच्या केबिनमध्ये खुर्चीखाली आहेत, जोडीने. तो झाडू मारताना त्या उचलतो आणि परत तशाच ठेवतो. नोटीसही तशीच आहे. आणि काका रविवारी ठाकुर्लीत काय करतात, हे तुमच्यापैकी एकानेही मला विचारलेलं नाही.

म्हणून हे लिहिलं. सभा येत्या रविवारी आहे. ज्या ज्या गाडीचे आरसे त्यांनी मिटवले, ज्या ज्या गाडीची दारं त्यांनी लावली, त्या प्रत्येक घरातून एकाने खाली यायचं. हात वर करायचा, नोटीस उतरवायला लावायची. मग मला सांगू नका, तुम्ही स्वतः त्यांना फोन करा. ते विचारतील, काय काम आहे. सांगा, एकच सेटिंग आहे.