माझ्या साझ्यातलं रीठ

तलाठ्याच्या नोकरीत वीस वर्षं काढली की किस्से शोधावे लागत नाहीत, सातबाऱ्यामागोमाग तेच टेबलावर येऊन पडतात. माझे निम्मे किस्से माझ्या साझ्यातल्या, म्हणजे माझ्याकडे असलेल्या गावांपैकी, एका रिठाचे. रीठ म्हणजे माणसं उठून गेलेलं गाव. नकाशात आहे, शेतात कापूस-तूर आहे, पण चूल एकही पेटत नाही. हे समजावता समजावता मी थकलो बुवा!

केळापूरच्या तहसील कचेरीत पुण्याकडचे नवे साहेब आले. पहिल्याच मीटिंगमध्ये खूश! "या गावातून एकही तक्रार नाही?"

"साहेब, ते रीठ आहे."

"असू द्या हो, लोक समाधानी आहेत ना!"

*

मग सर्वेक्षणाचं अ‍ॅप आलं. लोकसंख्या शून्य टाकली की पुढे सरकेना. हेल्पलाइनवाला म्हणाला, "सर, किमान एक टाका." टाकला. आठवड्याने पत्र आलं: सदर व्यक्तीकडे शौचालय का नाही, खुलासा करावा!

आमचा कोतवाल नामदेव वैतागला. "आता मले तिथं राह्यले धाडता का?"

*

एकदा हुकूम सुटला, प्रत्येक गावात दवंडी देऊन हरकती मागवा, फोटो पाठवा. नामदेव भर उन्हात रिठात जाऊन ओरडून आला.

"कोणी होतं का रे?"

"माकडं होती. ऐकून राह्यली होती. हरकत कोनाचीच नाही!"

*

दौलतराव याच रिठात जन्मले. नाल्याच्या पुरानंतर गाव उठलं तेव्हा ते दहा वर्षांचे होते. यंदा त्यांच्या नातीचा नर्सिंगचा प्रवेश जात पडताळणीवर अडला. चौकशीचे साहेब म्हणाले, "मूळ गावात येतो. जुने शेजारी हजर ठेवा, नाहीतर प्रकरण फेटाळावं लागेल." पोरगी रडकुंडीला आली. मलाही फार वाईट वाटलं. रिठात शेजारी आणायचे कुठून?

ठरल्या दिवशी साहेबांना घेऊन गेलो, तर जुन्या गावठाणाच्या पडीक जागेत पंधरा-वीस म्हातारे-म्हाताऱ्या! पाच गावांहून आलेले. जिथे ज्याचं घर होतं, तिथे तो बसलेला.

"मी दौलतची शेजारीन," एक आजी म्हणाली. "आमच्या आंगनातून त्याच्या घरी ताक जाये."

साहेबांनी लिहून घेतलं आणि गवत तुडवत सरळ पलीकडे आपल्या घराच्या जागी बसलेल्या दौलतरावांकडे निघाले.

"सायेब, तिकून नका येऊ!" दौलतराव ओरडले. "तिथं भिंत हाये. दारातून या."

साहेब थांबले. दोन पावलं मागे आले, वळसा घातला, आणि बूट काढून आत गेले.