टिकलीच्या डोळ्यांचा मासा

नामदेव सुतार गेल्याचा फोन त्याच्या पोरानं बारामतीच्या दवाखान्यातनं केला, तेव्हा मी म्हशीला पाणी दाखवत होतो. "आबा, तात्या गेलं," एवढंच बोलला. मी फोन खिशात घातला आणि हौदाकडं बघत बसलो... कारण नामा माझ्याकडं यायचा तो या हौदासाठी. माझी खुशाली नंतर.

गडी कळंबचा. दारं-चौकटी करून पोट भरायचा, पण जीव सगळा लाकडी माशांत. पांगाऱ्याचं हलकं लाकूड घेऊन बोटाएवढा मासा कोरायचा, पोटात शिसं ओतायचा, शेपटीला गळ अडकवायचा. तंगुसाच्या दोऱ्याला बांधून पाण्यातनं ओढला की मरळीला तो जिता वाटतो आणि ती झडप घालते. पण नदीवर नेण्याआधी प्रत्येक मासा माझ्या हौदात पोहून दाखवायचा. कलंडला तर पुन्हा घरी. तोवर म्हैस बिचारी तोंड वर करून थांबायची.

डोळ्यांना टिकल्या लावायचा, त्याही माझ्या बायकोच्या. वरनं वॉर्निश मारायचा. हौसा पाकीट त्याच्यापुढं टाकून म्हणायची, "भावजी, माझ्या कपाळावरचं समदं तुमच्या मरळींनी गिळलं. एखादी कालवणाला तरी आणा!"

"वैनी, मरळ टिकलीला भुलती, तुमच्या कालवणाला न्हाय," हा म्हणायचा... आणि संध्याकाळी पिशवी घेऊन हजर.

हौसा गेल्यावर मी घर सोडीना. सून ताट वाढायची, मी खायचो, न खायचो. एक दिवस नामा आला आणि नवा मासा हौदात सोडला. त्याला रंगाचे डोळे, एक वर, एक खाली.

"हे काय रं? तिरळा हाय की."

"तिरळा तर तिरळा. चल नदीला."

मी कपाटातलं टिकल्यांचं पाकीट आणून त्याच्या हातावर ठेवलं. त्यानं ते तसंच माझ्या खिशात कोंबलं. "वैनी देत हुत्या तवा घेतल्या. आता त्या तुझ्या हायेत. ऊठ, चप्पल घाल."

शिव्या देत गेलो. नीरेच्या बंधाऱ्यावर त्या दिवशी काहीच लागलं नाही, पण घरी येऊन मी पोटभर जेवलो. पुढं तो मासे तिरळेच करत राहिला. मी त्याला चारचौघांत हिणवायचो, तरी टिकलीला त्यानं पुन्हा हात लावला नाही. माझी एवढी आब दुसऱ्या कुणी राखली नाही.

परवा भेटायला गेलो तर त्याच्या बायकोनं एक मासा हातात दिला. "तुमच्या हौदात न्यायचा म्हनत हुतं." रंग दिलेला, पण डोळेच नाहीत. आणून हौदात सोडला, तर कलंडला. शिसं कमी पडलं असणार. ते मला जमत नाही, आणि ज्याला जमायचं तो गेला... मग कपाटातलं पाकीट काढलं. नामा, तू नको म्हणाला असतास, पण आता तुझं ऐकतो कोण? दोन टिकल्या लावल्या. एक वर बसली, एक खाली.

मासा हौदातच आहे, एका अंगावर पडलेला. म्हैस पाण्याला येते... आणि आधी तोंड वर करून थांबते.