मोठ्या विमानामागची हवा

त्या संध्याकाळी हवा अगदी पडलेली होती. मी वैमानिकाचं शिक्षण घेत होते. छोटं विमान, डावीकडे मी, उजवीकडे शिकवणारे सर. आमच्या पुढं एक भलंमोठं प्रवासी विमान उतरत होतं. विमानतळाच्या मनोऱ्यावरून नेहमीची सूचना आली : मोठ्या विमानामागच्या भोवऱ्यांपासून सांभाळा.

हे भोवरे डोळ्यांना दिसत नाहीत. मोठ्या विमानाच्या दोन्ही पंखांच्या टोकांपासून हवा गरगरत सुटते आणि मागं हळूहळू खाली बसत जाते. म्हणून मागच्यानं अंतर राखायचं, त्याच्यापेक्षा उंचावरून यायचं आणि ते जिथं टेकलं त्याच्या पुढं जाऊन टेकायचं. आम्ही तसंच केलं. पण जो काही मंद वारा होता तो आमच्या पाठीमागून होता, आणि त्यानं ते भोवरे पुढं ढकलत नेमके आमच्या टेकायच्या जागेवर आणले.

आधी एक हिसका बसला. मग कुणी धरून खेचावा तसा डावा पंख खाली गेला. मी सुकाणू उजवीकडे पूर्ण फिरवलं. काहीच झालं नाही. माझ्या खिडकीत आभाळाच्या जागी गवत आलं, इतकं जवळ की वाळलेलं कुठलं आणि हिरवं कुठलं ते दिसत होतं.

"सोड! माझ्याकडे दे!" सर ओरडले.

त्यांनी इंजिनाला पूर्ण जोर दिला. विमान थरथरत, तिरकंच पुढं गेलं आणि जमिनीला लागता लागता सरळ झालं. दुसऱ्या खेपेला सरांनी उतरवलं. उतरल्यावर आम्ही दोघं पट्टे न सोडता तसेच बसून राहिलो.

त्यानंतर मी मार्गासनीला, गावच्या घरी आले. भातकापणी चालू होती, त्यामुळं का आलीस हे कुणी विचारलं नाही. एका दुपारी वावरात असताना डोक्यावरून पुण्याकडं विमान गेलं आणि मी मटकन खालीच बसले. मला श्वास घेता येईना.

"काय झालंय? खरं सांग," आई म्हणाली. मग मी सगळं सांगितलं. आजोबा, आमचे आबा, बांधावर बसून ऐकत होते.

"पन तुमी अंतर ठिवलं व्हतं म्हंतीस."

"ठेवलं होतं, आबा."

"उंच बी व्हता."

"होतो."

"मंग?"

चूक सापडली असती तर ती पुन्हा केली नसती. ती सापडतच नव्हती, आणि त्यामुळंच मी आतून संपले होते.

"पुरं झालं आता," आई म्हणाली. "भोरला नोकरी बघ. हितं जमिनीवर ऱ्हा."

मी बरं म्हटलं. भोरला एका शाळेत चौकशीही करून आले. परतताना एस.टी.त खिडकीकडं तोंड करून रडत होते. वर जायची हिंमत नव्हती, आणि दुसरं काही करायची इच्छाही नव्हती.

त्याच आठवड्यात सरांचा फोन आला.

"सर, मी आता येणार नाही."

ते म्हणाले, "त्या संध्याकाळपासून मीही उडालेलो नाही. रोज विमानापर्यंत जातो आणि परत फिरतो."

उभी हयात उडण्यात गेलेला माणूस हे सांगत होता. मला धीर आला नाही, उलट अजूनच भीती वाटली.

"मग काय करायचं, सर?"

"ठाऊक नाही. एकट्यानं जमत नाहीये, एवढंच कळलंय."

दुसऱ्या दिवशी मी पिशवी भरली. आईनं तोंड फिरवलं. आबा एस.टी.पर्यंत आले. म्हणाले, "भ्या वाटलं तर लगीच उतरू नगंस. वरच थांब."

परत गेल्यावर आम्ही दोघं मिळून विमानापर्यंत गेलो आणि उडालो. उतरायच्या वेळी पुढं पुन्हा मोठं विमान. मी मनोऱ्याकडे जास्तीचा वेळ मागितला आणि आम्ही घिरट्या घालत राहिलो. सरांचे हात सुकाणूपासून चार बोटांवर तयार होते. मग मी विमान उतरवलं. थांबलो तेव्हा दोघांचेही शर्ट घामानं पाठीला चिकटले होते.

शिक्षण पुरं झालं. आता नोकरीही आहे. भीती गेलेली नाही; हवा पडलेली असली की मी अजूनही मनोऱ्याकडे जास्तीचा वेळ मागते. आणि आई फोनवर आधी कधीच कशी आहेस विचारत नाही. विचारते, "खाली हायेस न्हवं?"