दोन धारांमधली झोप

"किल्ली इकडे द्या, बाबा."

"का म्हणून? ट्रक माझा आहे."

"तुमचाच आहे. निघालात कुठे, तेवढं सांगा."

"घरी."

"घरी कोण वाट बघतंय?"

"मांजर."

"मांजराला शेजारच्या ग्लोरियाबाई खायला घालतायत. मी सांगून आलेय."

"त्यांच्या हातचं ते खात नाही."

"उंदीर खाणारं मांजर ते, बाबा. त्याला कसला आलाय हात."

आजोबांनी ट्रकचं दार उघडलं होतं आणि आईने ते पाठीने परत लावून टाकलं होतं. पांढऱ्या ट्रकच्या हिरव्या दाराला टेकून ती उभी होती, हातात भांडी पुसायचं फडकं. डोंगरावरच्या आमच्या मुक्कामाचा हा दुसरा दिवस. दुपार व्हायला थोडा वेळ होता. मी टेबलावर कांदा चिरत होते, एलियोमामा घडीच्या खुर्चीत पाय ताणून बसला होता आणि दोघंही असं दाखवत होतो, की आम्हाला काही ऐकूच येत नाही.

"सहा रात्रींची जागा घेतलीय मी," आई म्हणाली. "जानेवारीत सकाळी सातच्या ठोक्याला तीन कॉम्प्युटर उघडून बसले होते. दहा मिनिटांत सगळा डोंगर भरतो इथला. कुणासाठी केलं मी हे?"

"मी सांगितलं होतं का?"

"नाही. तुम्ही कधी काही सांगितलंय?"

"आता तीनच्या आत पोचायचं तर—"

एवढं बोलून आजोबा थांबले. मामाने पाय आखडते घेतले.

तीन वाजता खाली खोऱ्यात, टुलेरी गावाबाहेर, आमच्या जुन्या गोठ्यात, आता काहीच होत नव्हतं. फेब्रुवारीत आजोबांनी सगळ्या गायी विकल्या होत्या.

अमारो तॉस्ते, माझ्या आईचे, ओडेटचे, वडील, वय शहात्तर. अटलांटिकमधल्या एका पोर्तुगीज बेटावरून विशीत इकडे आले, ते दुसऱ्याच्या गोठ्यात धारा काढायला. पुढे स्वतःचा गोठा झाला. बेटावर त्यांच्या वडिलांकडे सात गायी होत्या, इथे दोनशे झाल्या, पण माणूस तोच राहिला. पहाटे तीनला एक धार, दुपारी तीनला दुसरी. नाताळला, लग्नाला, मयताला, स्वतःच्या न्यूमोनियातसुद्धा. पहाटेच्या धारेला ते गडी ठेवायचे, कधी टिकायचा, कधी नाही. दुपारची धार त्यांनी कुणाच्या हातात दिली नाही. गायीला हात कळतो, म्हणायचे. आणि गायीला रविवार कळत नाही, हे आजी म्हणायची.

आजीला खालच्या खोऱ्यातला उन्हाळा कधी मानवला नाही. ती ढगांच्या बेटावरची. ऑगस्टमध्ये टुलेरीला अंगण तव्यासारखं तापायचं, शेणाचा वास घशात बसायचा, आणि तिचे पाय सुजायचे. तेव्हा दर ऑगस्टला ती पोरांना घेऊन एक आठवडा वर यायची, सिक्वोयाच्या, त्या अजस्र उंच झाडांच्या, जंगलात. जुना कापडी तंबू, पातेलं, लसूण-मिरचीचं सॉसेज आणि चार गोड पाव. झाडांचं तिला फारसं कौतुक नव्हतं. थंड आहे, पुरे झालं, म्हणायची.

आजोबा यायचे फक्त त्यातल्या रविवारी, दोन धारांच्या मध्ये. पहाटेची आटपायची, तसेच रबरी बूट घालून ट्रकमध्ये बसायचे, दोन तास वळणं चढायची, पोरांच्या डोक्यावरून एकेकदा हात फिरवायचा, दोन ताटल्या जेवायचं आणि झोपायचं. कॅम्पाच्या कडेला एक सिक्वोया आहे. फार नावाजलेला नाही, कुंपण नाही, पाटी नाही. त्याच्या बुंध्याला कधीकाळच्या वणव्याने पोकळी पडलीय, आत एक खाट बसेल एवढी. तिथे घोंगडी टाकून ते आडवे व्हायचे. आजी उठवेल तेव्हा उठायचे, चूळ भरायचे आणि वळणं उतरायची.

आमच्या घरात त्या सहलींचे फोटो आहेत. चढावरच्या नावाजलेल्या मोठ्या झाडापाशी पोरं हात पसरून उभी, ओढ्यात पोरं, अस्वलाच्या पाटीखाली पोरं. आणि कॅम्पावरच्या एकूणएक फोटोत खाली कोपऱ्यात रबरी बुटांचा जोड, तळवे आपल्याकडे. मामाचा जुना विनोद आहे: आमच्या बाबांनी सिक्वोया जितका जवळून पाहिला तितका कुणी पाहिला नसेल, फक्त डोळे मिटून.

हिरवं दारही त्यातलंच. इथे खाण्याची वस्तू, साबण, टूथपेस्ट, वास येणारं काहीही गाडीत ठेवायचं नसतं, सगळं लोखंडी पेटीत घालून कडी लावायची. हे लहान पोरालाही माहीत. एका रविवारी आजोबांनी ट्रकमध्ये मळी घातलेल्या पेंडीचं पोतं तसंच ठेवलं. त्यांच्या लेखी ते खाणं नव्हतंच, ते गायींचं होतं. अस्वलाने दार केळ्याच्या सालीसारखं सोललं. आजोबा झोपेतच. वनरक्षक आला, वही काढली, तर आजोबा म्हणाले, "दंड घरी पाठवा साहेब, माझ्या गायी खोळंबल्यात." आणि दोरीने दार बांधून खाली उतरले. पुढच्या आठवड्यात भंगारातून हे हिरवं आणलं. पांढरं शोधायला वेळ कोणाला होता.

"बाबा, गायी गेल्या," आई आता हळू आवाजात म्हणाली. "घरी जाऊन काय करणार? रिकाम्या गोठ्यात उभे राहणार?"

"पाणी मारायचं असतं. धूळ बसते."

"धुळीला काय घाई आहे?"

"ताई, जाऊ दे ना त्यांना," मामा खुर्चीतून म्हणाला. "आले, जेवले, आता जातायत. कार्यक्रमात काही बदल नाही."

"तू गप्प बस. सॅक्रामेंटोत विमा विकायला गेलास, तेव्हा नाही विचारलंस त्यांना काय करायचंय."

"हे बरंय. भांडण तुमचं, विमा माझा."

"कार्यक्रमात बदल व्हावा म्हणूनच मी हे सगळं जमवलंय, एलियो. किती वर्षं वणव्याने रस्ते बंद, मग धूर, मग आईचं आजारपण, मग ती गेलीच. आता गायी नाहीत, रस्ता उघडाय. सहा दिवस माणूस आमच्यासोबत बसेल असं वाटलं मला. चुकलंच माझं."

तिचा आवाज थकलेला होता. चार दिवस ती सामान बांधत होती. तंबू तिने उभारला, पलंग तिने आणला, आजोबांच्या गुडघ्याला लागू नये म्हणून. काल दिवसभर ते तिने सांगितलं तिथे बसले, तिने वाढलं ते जेवले. सकाळी तिने विचारलं, झोप लागली का. ते म्हणाले, पडलो होतो.

"संध्याकाळी मोठ्या झाडापर्यंत जाऊ," ती म्हणाली. "रस्ता फरसबंदीचा आहे, बाकं आहेत मध्ये. एवढं करा आणि मग जा हवं तर. आईसाठी करा."

"तिच्यासाठी कशाला?"

"कशाला म्हणजे? दर वर्षी रविवारी ती आम्हाला घेऊन जायची तिथे. तुमच्याबरोबर जायची इच्छा राहूनच गेली तिची. सगळ्यांचे बाप यायचे, पोरांना खांद्यावर घेऊन. आमच्या बापाचे बूट दिसायचे फक्त."

आजोबांनी ट्रकवरचा हात काढला. टेबलापाशी आले आणि माझ्या समोरच्या बाकावर बसले. बसताना गुडघा दोन्ही हातांनी उचलून आत घ्यावा लागला त्यांना.

"तिला कुठे जायचं होतं," ते म्हणाले. "पाय सुजायचे तिचे. चढ बघून रडकुंडीला यायची."

"मग कशाला नेत होती?"

"तुम्ही दोघं गप्प बसत नव्हता."

ते आईकडे वळले.

"एकदा तू माझ्या कानात सुरवंट सोडलास."

"तो मी," मामा म्हणाला.

"कोणी का असेना. तिने विचारलं, किती वेळ मिळेल तुला, अमारो. म्हटलं, तास-दीड तास. तेव्हापासून न्यायला लागली. झाडाला भेटून येऊ, म्हणायची तुम्हाला. जाऊन-येऊन तेवढाच वेळ लागायचा. झाडाबिडाचं काही नव्हतं त्यात."

एक निळा पक्षी टेबलाच्या टोकाला येऊन बसला, पावाचा तुकडा उचलून गेला. कोणी हाकलला नाही. एरवी आई हाकलते.

"मग तेच करा," आई म्हणाली. तिचा राग उतरला होता पण शब्द अजून रागाचेच येत होते. "झोपा. सहा दिवस झोपा. कोण उठवतंय तुम्हाला? घरी जायची गरजच काय?"

"येत नाही."

"काय येत नाही?"

"झोप."

कांदा चिरायचा थांबवून मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, टेबलावरच्या सुरीकडे बघत होते.

"गायी गेल्यापासून नाही येत. डॉक्टरने गोळी दिली. गोळीने डोळे मिटतात, बस. तीनला उठून बसतो, बूट घालतो, मग आठवतं. दुपारी तेच. जन्मभर वाटायचं, एकदा धारा सुटू देत, महिनाभर झोपेन. गाय दिसली की झोप यायची मला, ओडेट. कासेला डोकं टेकवून झोपलोय मी उभ्या उभ्या. तू म्हणालीस वर जाऊ, म्हणून आलो. म्हटलं, इथे लागायची, इथे तरी लागेल. काल दुपारी तुम्ही ओढ्यावर गेलात, तेव्हा त्या झाडात जाऊन पडलो. नाही लागली. पाठीत खडे टोचले."

"बोलला नाहीत."

"काय बोलायचं? तू एवढं सामान आणलंस."

आईने हातातलं फडकं पिळलं. ते कोरडंच होतं. मग ती ट्रकपासून निघाली, आजोबांच्या समोर आली आणि हात पुढे केला. त्यांनी किल्ली तिच्या तळव्यावर ठेवली. आईने मूठ मिटली नाही, तळवा तसाच उताणा धरून उभी राहिली आणि मग किल्ली परत त्यांच्या ताटलीशेजारी ठेवली.

"जायचं तर जा," ती म्हणाली. "खरंच जा. मी काही मनाला लावून घेणार नाही. संध्याकाळी फोन करा पोचल्यावर."

आजोबा किल्लीकडे बघत राहिले. मामाने एकदा खाकरून घेतलं, पण त्याला विनोद सापडला नाही.

दोन तंबूंच्या मध्ये बांधलेल्या दोरीवर आजीची तपकिरी घोंगडी वाळत टाकली होती. आजोबा उठले, ती दोरीवरून ओढली, झटकली. खूप धूळ निघाली. मग खांद्यावर टाकली.

आई बघत होती. मग ती एकदम कामाला लागल्यासारखी वळली.

"एलियो, ऊठ. पोरींना हाक मार. झाडाला भेटून येऊ."

"कालच भेटलो की मी."

"परत भेट. ते काही कंटाळत नाही."

"ताई, चढ आहे. जेवण व्हायचंय."

"जेवण थांबतं. तूही चल गं, कांदा झाकून ठेव. आणि ती पेटी बंद कर, कडी नीट लाव."

मामा कुरकुरत उठला. त्याच्या मुली तंबूतून बाहेर आल्या, एकीला बूट सापडेना. मी कांद्यावर ताट झाकून सगळं पेटीत ठेवलं. आजोबा तोवर कॅम्पाच्या कडेला पोचले होते, पाइनची मोठाली बोंडं बुटाने बाजूला सारत, फार हळू. पुढे तो सिक्वोया होता, एका अंगाने काळा, एका अंगाने तांबूस. टेबलावर किल्ली तशीच पडली होती.

"बाबा," आईने हाक दिली. "कधी उठवू?"

त्यांनी खांद्यावरची घोंगडी सारखी केली आणि ते चालत राहिले.