पायाळू बायकोचा नवरा

गेणबा गुळव्याचा आवाज जळोचीत कॅनॉलच्या दुसऱ्या अंगाला ऐकू जायचा. आवाज मोठा, मिशा मोठ्या आणि राग तर विचारूच नका. पण हाताला गुण असा, की बारामतीच्या पेठेत ढेप फोडली की अडत्या गूळ जिभेवर ठेवून म्हणायचा, "गेणबाच्या हातचा दिसतोय." असा गुण असलेल्या माणसाचं लोक पुष्कळ सोसतात. आम्हीही सोसत होतो.

मी तेव्हा कुंडलिकरावांच्या गुऱ्हाळावर चुलवाणात पाचट आणि चिपाडं सारायचं काम करायचो. चौपन्न-पंचावन्नचा हंगाम असेल. ऊस कुंडलिकरावांचा, बैल त्यांचे, रस आटवायची ती भली थोरली काहीलही त्यांची. पण पाक झाला का नाही, हे गेणबा सांगणार. तो "उचला!" म्हणाला की मालकसुद्धा हातातली विडी टाकून काहिलीच्या दांड्याला खांदा द्यायचे. गुऱ्हाळावर गुळव्या म्हणजे राजा, आणि आमच्या राजाला आपण राजा असल्याचं एक क्षणही विसरायला होत नसे.

त्या दुपारी त्याची बायको प्रयागबाई भाकरी घेऊन आली. बाई इंदापूरकडची, शेलाटी, हजरजबाबी. आणि पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आलेली. कुणाच्या पाठीत, खांद्यात चमक भरली तर पायाळू माणसानं तिथं टाच लावावी, चमक पळून जाते, अशी आमच्याकडं पक्की समजूत. त्यामुळं सकाळच्या पारी तिच्या दारात कुणी ना कुणी पाठ वाकवून बसलेलं असायचं. ती हसत हसत टाच लावायची आणि लगेच वाकून त्याच माणसाला नमस्कार करायची, कारण पाय लागला ना!

तर ती आली तेव्हा गेणबा पहाटेपासून काहील हलवून आंबला होता आणि नेहमीप्रमाणं आमच्यावर डाफरत होता. कुंडलिकरावांना गंमत सुचली. ते म्हणाले, "काय गं प्रयागा, ह्यो वाघ घरात बी असाच डरकाळ्या फोडतुया का?"

प्रयागबाईनं टोपली डोक्यावरच धरून सांगितलं, "कशाचा वाघ, तात्या? घरात निस्तं मांजर असतंय."

असा हशा पिकला की चरक ओढणारे बैल जागच्या जागी थांबले. कुंडलिकरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही हसलो, का हसू नये? हंगामभर डाफरणी खाल्ली होती.

गेणबाच्या अंगाचा तिळपापड झाला. हातातलं फावडं टाकून तो दोन ढांगांत तिच्यापाशी गेला आणि तिच्यावर उजवा हात उगारला. हात वर गेला आणि वरच राहिला. खांद्यात अशी कळ आली की त्याचं तोंड उघडलं ते मिटेना. खांदा तसा आधीपासून कुरकुरत होता, पण राजाचा खांदा दुखतो हे सांगायचं कुणाला? आता तो एस. टी.ला हात करणाऱ्या माणसासारखा उभा होता, आणि एस. टी. काही येत नव्हती.

पुन्हा हशा झाला, आधीपेक्षा मोठा. तो मात्र मला आजही नको वाटतो. त्यात मजा नव्हती, लचका तोडणं होतं.

हसली नाही ती एकटी प्रयागबाई. तिनं टोपली खाली ठेवली, तिच्यावरच उगारलेला तो हात कोपरापाशी धरला आणि म्हणाली, "अंग सोडा. सोडा म्हन्ते. सावकाश." इंचाइंचानं तिनं तो हात खाली आणला. त्याच्या डोक्यावरचा पटका सोडला, त्याची झोळी करून हात गळ्यात बांधला आणि त्याला घेऊन घराकडं निघाली. भर दुपारी, बोडक्या डोक्यानं, बायकोच्या मागून गेणबा गावातून गेला. आमच्या गावात बोडक्या डोक्यानं माणूस फक्त सुतकात चालतो. लोक दारात येऊन विचारत होते, "कोन गेलं?"

सुप्याकडचा दुसरा गुळव्या आला आणि गुऱ्हाळ चालू राहिलं. राजावाचून काही अडत नाही, हे आम्हालाही कळलं आणि घरात पडलेल्या गेणबालाही. आता हात वर गेला तरच त्याला पुन्हा काहिलीपाशी उभं राहता येणार होतं. आणि हात कशापायी अडकला, हे तर पोराटोरांना ठाऊक होतं.

शेजारची म्हातारी धोंडाबाई औषधपाण्याची जाणती. तिनं खांदा चाचपून सांगितलं, "धरलाय रं खांदा चांगला. निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून बांध. जाड्या मिठाची पुरचुंडी करून शेक दे. लसूण घालून तिळाचं त्याल कडवायचं, कोमट झालं की जिरवायचं, पर रगडायचं न्हाय. आन् हात गळ्यात बांधून बसू नगंस, आखडंल. वाकून तांब्या धर हातात आन् झुलीव, देवळातल्या घंटंवानी."

जाता जाता दारातून वळून ती म्हणाली, "आन् एवढं कशापायी? घरात पायाळू हाय की! एक टाच लावून घे, झालं."

गेणबा भिंतीकडं तोंड करून पडला.

हे पुढचं सगळं त्यानंच मला सांगितलं, पुष्कळ वर्षांनी, कॅनॉलच्या कडेला बसून. हात मागं जात नव्हता, म्हणून धोतराचा काष्टा प्रयागबाई खोवायची. पटका ती बांधायची, आणि बाईनं बांधलेला पटका लांबून ओळखू येतो म्हणून तो घराबाहेर पडेना. भाकरी ती कुस्करून द्यायची. डाव्या हातानं जेवायची लाज वाटायची, म्हणून तो तिला म्हणायचा, तू जरा तिकडं बघ. ती तिकडं बघायची. सकाळ-संध्याकाळ तव्यावर निरगुडी तापवायची, पाला आधी स्वतःच्या गालाला लावून चटका बघायची आणि मग त्याच्या खांद्यावर ठेवायची. तोंडातून एक टोमणा नाही. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, गेणबा म्हणाला, मला वरडायला तरी मिळालं असतं.

पडून पडून त्याला एकच गोष्ट आठवायची. मांजर. तो घरात मांजर नव्हता. हे तिला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं. कालवणात मीठ जास्त पडलं तरी त्याचा हात उठायचा, आणि दुसऱ्या दिवशी ती शेजारणीला सांगायची, चौकट लागली. गुऱ्हाळावर चार लोकांत मालकानं विचारलं तेव्हा तिनं खोटं बोलून त्याची लाजच राखली होती. आणि नेमकं त्यासाठी त्यानं हात उगारला होता. हे ध्यानात आलं त्या दिवशी त्याला खांदा बरा होण्यापेक्षा तोंड लपवायची घाई झाली.

हंगाम उतरणीला लागला. कळ कमी झाली, पण हात छातीच्या वर जाईना. एका सकाळी त्यानं धीर करून, जमिनीकडं बघत विचारलं, "धोंडाबाई म्हनती तसं... टाच लावतीस का?"

"लावते की."

"मग दार लावून घे."

प्रयागबाई चुलीपाशी उठून उभी राहिली. मोठ्यानं बोलली नाही. म्हणाली, "हात उगारला तवा दार लावलं व्हतं का?"

गेणबाला राग यायला हवा होता. तो आलाच नाही, असं तो शपथेवर सांगायचा.

रविवारी सकाळी तो गुऱ्हाळावर आला, बायकोनं बांधलेला पटका डोक्यावर घालून. आम्ही सगळे होतो. मला वाटलं, आता पुन्हा हसं होणार. तो कुणाकडं न बघता चरकापाशी आला, चिपाडांच्या ढिगाशेजारी जमिनीवर बसला, पटका उतरवून मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "लाव."

प्रयागबाईनं कासोटा खोचला, माझ्या शेजारच्या, मांडवाच्या मेढीला धरून तोल सांभाळला आणि डाव्या पायाची टाच त्याच्या उजव्या खांद्याला लावली. अगदी हलकी. तिच्या टाचेच्या भेगांत चुलीची राख होती. मग पाय खाली घेऊन ती वाकली आणि सगळ्यांसमोर त्याच्या पायाला हात लावून नमस्कार केला. कुणी हसलं नाही. कुंडलिकराव उसाच्या मोळ्या बघायला निघून गेले. मी चुलवाणात उगीचच चिपाडं कोंबली, जाळ इतका झाला की सुप्याचा गुळव्या माझ्यावर ओरडला. त्या दुपारच्या हसण्याची आम्हा सगळ्यांना लाज वाटत होती, पण लाज वाटते असं पुरुष एकमेकांना सांगतात थोडंच?

गाव म्हणालं, चमक गेली. टाचेनं किती गेली आणि निरगुडीनं किती, देव जाणे. पुढचं काम भिंतीनं केलं. धोंडाबाईनं सांगितलं होतं, "भिंतीला तोंड करून उभा ऱ्हा आन् बोटं मुंगीवानी वर चालीव. दुखलं की थांब, उद्याला आनि जरा वर." गेणबा रोज बोटं चालवायचा. जिथं पोचतील तिथं प्रयागबाई कोळशाची रेघ ओढायची. छातीच्या रेघा हनुवटीपर्यंत आल्या, हनुवटीच्या कपाळापर्यंत. रेघ ओढताना ती हसायची, आणि तिला हसताना बघून त्याला वाटायचं, की प्रत्येक रेघेबरोबर आपलं मागचंही थोडं पुसलं जातंय.

शिमग्याच्या आधी एका सकाळी बोटं कपाळाच्या पार वर गेली. त्यानं भिंत सोडून बघितलं. हात सरळ आढ्याकडं! कळ नाही, काही नाही. त्याला इतका आनंद झाला, की रेघ ओढायला तिला हाकही न मारता तो तसाच, हात वर धरून, चुलीपाशी धावला.

"अगं ए! बघ!"

प्रयागबाई चुलीशी वाकून फुंकणीनं जाळ करत होती. तिनं मान वळवली. वर गेलेला हात दिसला. फुंकणी हातातून पडली, तिनं कोपर डोक्यावर घेतलं, डोळे मिटले आणि अंग चोरून भिंतीला टेकली.

क्षणभरच. मग तिला कळलं. तिनं पदर सारखा केला, फुंकणी उचलली आणि म्हणाली, "ग्येला व्हय वर? बरं झालं. आता गुऱ्हाळावर जावा."

गेणबानं हात खाली घेतला. त्याला बसायचंही सुचेना. "रडावं वाटलं," तो मला म्हणाला, "पर तिच्याम्होरं रडायला बी तोंड न्हवतं."

पुढं पुष्कळ हंगाम त्यानं गूळ केला. काहील उतरवताना सगळ्यात उंच हात त्याचाच असायचा. पण घरात त्याचा हात खांद्याच्या वर कुणी पाहिला नाही. पटका तो खुंटीला अडकवायचा सोडून कणगीवर ठेवू लागला. शिंक्यातलं काही हवं असलं तर तिला मागायचा. आणि ती पाठमोरी असली, की दारातूनच खाकरून आत यायचा. एवढं करूनही, तो म्हणाला, कधी अचानक वळताना तिची मान आत जायचीच. म्हातारी झाली तरी जायची.

कॅनॉलच्या कडेला तो हे सांगत होता तेव्हा प्रयागबाई जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी विचारलं, "तिला कधी बोललास का रं ह्याबद्दल?"

"न्हाय," तो म्हणाला. "लाज वाटायची."