शिवेवरचा सतरा नंबर

मेंढेपारडीची शीव म्हणजे एक नाला आणि एक दगड. नाला दर पावसाळ्यात वळण बदलतो, त्याच्यावर कुणाचा भरवसा नाही; दगडावर मात्र साऱ्या गावाचा. सावनेरच्या उत्तरेला, संत्र्याच्या बागा संपतात तिथे हे गाव आहे. छप्पन सालापर्यंत नाल्याचे दोन्ही काठ एकाच प्रांतात होते. मग पलीकडचा काठ मध्य प्रदेशात राहिला आणि अलीकडचा इकडे आला. सोयरिकी तशाच राहिल्या, मोबाइल तेवढा अजून गोंधळतो.

दगडाचे पुजारी नानाजी. पूर्वी ते गावचे कोतवाल होते. तीस वर्षांपूर्वीच्या पुरानंतर हा शिवेचा दगड वरच्या टेकाडावर सापडला. ‘देव आपल्या पायानं वर आले,’ असं नानाजींनीच सांगितलं. गावाने ओटा बांधला, शेंदूर फासला, आणि दगडावर नंबर कोरलेला होता हे विसरून गेलं. देवाला नंबर कोण विचारतो?

यंदा दोन्ही राज्यांच्या हद्दीची मोजणी निघाली. मोजणीच्या मुग्धा मॅडमनी गावाची परवानगी घेऊन शेंदूर खरवडला. खाली सतरा आकडा निघाला. नकाशातही सतराच. नाला सरकलेला, म्हणून दगडच धरायचा ठरलं. गड्यांनी ओट्यापासून चुन्याची रेघ ओढली आणि ओटा व नाल्यामधली अकरा घरं पलीकडे पडली.

त्यातलं पहिलं घर जयवंताबाईचं. नवरा गेल्यावर एकटीने मागे लागून तिने घरकुल मिळवलं होतं. आता घर, रेशन, मतदान, सगळंच परक्या राज्याच्या दारात. तरी तिने सवयीने आधी दगडालाच हात जोडले.

नानाजी ते पाहत होते. गप्प बसलं तर मान राहतो, घर जातं. बोललं तर घर राहील, पण आयुष्यभराचं पितळ उघडं पडेल.

“मॅडम, रेघ चुकली,” ते म्हणाले. “देव आपल्या पायानं नाही आला. म्या आनला.”

उपसरपंच दुर्गेशने डोळे वटारले. “काय बोलून राहिले नानाजी?”

“पुरात दगड उखडला होता. कोतवालाच्या हातून शीव हरवली तर नोकरी जाते. म्या छातीले लावून वर आनला. जागा पान्याखाली होती, अन् लोकायनं पुसलं तवा खोटं बोललो.”

“पुरावा?” मुग्धा मॅडमनी विचारलं.

“शिवेच्या दगडाखाली कोळसा पुरत. तो सडत नाही. माह्या बापानं सांगतलं होतं.”

त्यांनी नाल्याकाठची जागा दाखवली. खुणेचं मोहाचं झाड कधीच वाहून गेलेलं. गड्यांनी खणलेला पहिला खड्डा रिकामा निघाला. दुसऱ्यात वाळू. दुर्गेश हसला. देवही गेला आणि घरही गेलं, असं नानाजींना वाटलं. मग ते जुन्या पायवाटेच्या वळणापासून पुन्हा पावलं मोजत आले. तिसऱ्या खड्ड्यात कुदळ काळी होऊन वर आली.

मॅडमनी मुठीत कोळसा घेतला आणि नकाशाशी जागा ताडून पाहिली. “दगड इथे परत आणा. रेघ इथूनच जाईल.”

पण देवाला हात कोण लावणार? गडी मागे सरले. दुर्गेशने खिशात हात घातले. सत्तरीचे नानाजी ओट्यापाशी वाकले. दगड तसूभर हलला नाही.

जयवंता पुढे आली. “भाऊजी, तीस वर्सं म्या दिवा लावला. तुमच्या खोट्याले लावला काय?”

नानाजींनी दगडावरचा हात काढून घेतला. त्यांना फार लाज वाटली.

तिने पदर खोचला. “धरा तिकडून.”

दोघांनी मिळून दगड उचलला. तिच्याच अंगणासमोरून थांबत, दम घेत, तो नाल्यापर्यंत नेला आणि खड्ड्यात बसवला. मॅडमनी वहीत नोंद केली. अकरा घरं अलीकडे आली.

जयवंताचे तळहात शेंदराने लाल झाले होते. तिने ते लुगड्याला पुसले आणि घराकडे वळली. तीस वर्षांत पहिल्यांदाच ती दगडाला नमस्कार न करता गेली.