तळघरात ठेवलेली ज्वारी

मी पदवीधर झालो तो माझ्या थोरल्या बहिणीमुळे, मालताक्कामुळे. आई-वडील गेले तेव्हा मी सातवीत होतो. अक्का जिनिंगमध्ये कामाला लागली. कापसाचा तूस तिच्या छातीत बसला आणि मी बी.कॉम. झालो.

मला जळगावला पाइपच्या कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा धुळ्याच्या स्टँडवर तिनं गाडीच्या खिडकीतून एक पुरचुंडी दिली. आत मूठभर दादर ज्वारी. धान्य साठवायच्या जागी ओल आहे का, हे बघायला आमच्याकडे आधी अशी मूठ ठेवतात. "जठे दाना टिकस नही, तठे मानूस कसा टिकी, भाऊ?" एवढं म्हणाली आणि खोकला आला म्हणून तोंड फिरवलं. माझ्यासाठी लांबवलेलं तिचं लग्न पुढच्याच महिन्यात झालं. गावातल्या घराला कुलूप लागलं.

मला खोली मिळाली ती तळघरात. मालक म्हणाले, "अहो, लोक कुलर घेतात. तुम्हाला जमिनीनंच दिलाय!" उन्हाळ्यात ते खरंही वाटे. पण भिंतीपलीकडे पाण्याची टाकी होती. वरच्या झरोक्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला दिसत. गावी घराच्या धाब्यावर, मातीच्या गच्चीवर, चांदण्यात झोपणारा मी आता चपलांखाली झोपत होतो. सकाळी अंग जड असे, छाती भरलेली असे. तसाच कामावर जाई.

कचेरीतल्या पाटीलभाऊंना वास्तुशास्त्राचा आणि फेंगशुईचा नाद होता. एका रविवारी ते स्वतः आले. "डोकं दक्षिणेला करा. पलंग दारासमोर नको. आरसा लावा, उजेड दुप्पट होतो."

"शून्याची दुप्पट किती हो, भाऊ?"

"कॉमर्सवाले ना, आकडेच दिसणार तुम्हाला!" असं म्हणत त्यांनी स्टुलावर चढून विंड चाइम टांगला. माणूस मनाचा चांगला. मी सगळं श्रद्धेनं पाळलं. चाइम मात्र एकदाही वाजला नाही. त्याला वारा लागतो.

अक्काची पुरचुंडी पहिल्याच दिवशी ट्रंकेमागे ठेवली होती. उघडली नाही. काय दिसेल ते ठाऊक होतं, आणि पुन्हा खोली शोधत हिंडायचं त्राण नव्हतं. अक्काला मात्र दर पत्रात लिहीत असे, खोली हवेशीर आहे.

मग तिचं पत्र आलं. दमा वाढलाय, डॉक्टरांनी ओलीपासून जपायला सांगितलंय. आणि खाली: "आखाजीले बठ्ठ्या लेकी माहेर जातीस. यंदा मी तुन्हाकडे येस. तुन्ही खोली तेच मन्हं माहेर."

अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, ती यायची म्हणून मी झाडलोट केली. ट्रंक सरकवली. पुरचुंडीचं फडकं फरशीला चिकटलं होतं. दाण्यांचा गोळा झाला होता, त्यावर हिरवट बुरशीची लव. पलंग दक्षिणेला होता, आरसा जागेवर होता. मी तिथेच जमिनीवर बसून अक्काला पत्र लिहायला घेतलं.

आज दुसऱ्या मजल्यावर राहतो. चार खिडक्या आहेत. तरी कोपऱ्यात मूठभर ज्वारी असतेच. माझं तेव्हाचं पत्र अक्कानं जपून ठेवलं आहे. ते असं:

"ती. अक्कास सा. न. वि. वि.

मी तुला खोटं लिहीत होतो. खोली जमिनीखाली आहे आणि ओली आहे. तू दिलेल्या दादरला बुरशी आली. सकाळी मलाही खोकला येतो. इथे येऊ नकोस.

आखाजीच्या दोन दिवस आधी मी गावी जातो. घराचं कुलूप काढतो, निंबाला झोका बांधतो. तू तिथे ये. धाब्यावर झोपू. डोकं कुठल्या दिशेला करायचं ते तूच सांग.

निघताना मला पुन्हा मूठभर दादर दे. नवी खोली बघतो. दाणे टिकले की कळवतो. मग ये.

तुझा भाऊ
रमेश"